आधी खिडक्या, मग गाणे



नाताळाच्या आठवड्यात आपल्यापैकी पुष्कळांचे फोन आले. शुभेच्छा झाल्या की पुढचा प्रश्न ठरलेला असे, "यंदाही मुले गायला आली नाहीत?" 2019 पर्यंत दर डिसेंबरात आपल्या वसतिगृहातली वीस-पंचवीस मुले टेम्पोत बसून शहरातल्या मंडळ्यांमध्ये येत. उपासना संपली की तीन-चार गीते म्हणत. आपण त्यांना केक देत असा, स्वेटर देत असा, आणि वसतिगृहाचे उन्हाळ्यापर्यंतचे धान्य बरेचसे त्या दानातून येत असे. सलग दोन नाताळ हे घडले नाही. एका मंडळीच्या वडिलांनी मला थोडे रागावूनच विचारले, "लोकल भरून धावतात, लग्नाच्या पंगती उठतात, मग देवाचे स्तवन तेवढे बंद का?"

प्रश्न रास्त आहे आणि फोनवर दोन वाक्यांत त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून या अंकात संपादकांकडून जास्त जागा मागून घेतली. आमचे गाणे बंद नाही. पालघर जिल्ह्याच्या या डोंगरी भागातल्या आपल्या शाळेत मुले आठवड्यातले पाच दिवस गातात. फक्त कुठे गातात, किती वेळ गातात आणि किती मोठ्याने गातात, हे आता ठरवून घेतलेले आहे. ते तसे का ठरवले, हे सांगण्यासाठी मला आधी आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगावी लागेल.

27 जानेवारी 2021 पासून पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू करायला सरकारने परवानगी दिली. आमच्याकडे निम्मीच मुले परत आली, तरी वसतिगृहाला जीव आला. लेंटचे दिवस चालू होते. दाते मंडळींना मुलांच्या गीतांचा व्हिडिओ पाठवावा, म्हणजे मुले येऊ शकत नसली तरी आवाज तरी पोहोचेल, असे ठरले. कल्पना माझीच होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी प्रार्थनेच्या खोलीत बावीस मुले, संगीताचे गुरुजी, स्वयंपाकघरातल्या मावशी आणि मी असे बसलो. मावशी नेहमी गाण्याला लागत, त्यांचा आवाज असला की मुलींना सूर सापडतो. समोरच्या रस्त्यापलीकडची गिरणी चालू होती, तिचा आवाज मोबाइलमध्ये येत होता. म्हणून मी उठून चारही खिडक्या लावल्या. दारही लोटून घेतले. पंखाही बंद केला, कारण त्याचा घर्रघर्र आवाज येई.

सावधगिरी आम्ही घेतली नव्हती असे नाही. दाराशी प्रत्येकाच्या कपाळावर तापमापक धरला होता. हातांवर सॅनिटायझर ओतला होता. बाजाच्या पेटीच्या पट्ट्या कापडाने पुसल्या होत्या. चटया हातभर अंतरावर टाकल्या होत्या. मास्क मात्र गाताना काढायचा, कारण व्हिडिओत चेहरे दिसायला हवेत. दीड तास आम्ही गात होतो. एक कडवे चुकले की पुन्हा पहिल्यापासून.

गुरुजींचा घसा त्या दिवशी किंचित बसलेला होता. चौथ्या दिवशी त्यांना ताप आला आणि तपासणीत कोरोना निघाला. मग आम्हा सर्वांची तपासणी झाली. खोलीत बसलेल्या पंचवीस जणांपैकी गुरुजी धरून दहा जण बाधित निघाले. मुलांना दोन-तीन दिवस ताप आणि खोकला, त्यापलीकडे प्रभूने राखले. गुरुजी महिनाभर घरी पडून होते. मावशींना तेरा दिवस दवाखान्यात प्राणवायूवर ठेवावे लागले. त्या परत आल्या, पण आजही दोन ओळी म्हटल्या की त्यांना धाप लागते. व्हिडिओ मी कोणालाच पाठवला नाही.

त्यानंतर मी तडकाफडकी एकच नियम केला. गाणे बंद. संध्याकाळी फक्त शास्त्रवाचन आणि प्रार्थना. पुढे शाळाच बंद झाली. 4 ऑक्टोबर 2021 ला ती पुन्हा भरली, तेव्हाही तोच नियम चालू ठेवला. तो सोपा होता आणि त्यात माझ्या मनाला सुटका होती. पण त्याची किंमत मुलांनी मोजली.

आमच्याकडची बहुतेक मुले वारली आहेत. घरी वारली बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना शाळेतच भेटते. पाड्यावर फोन नाही, असला तर रेंज नाही. त्यामुळे दीड वर्षात ऑनलाइन शिक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही. पाचवीत आलेली मुले तिसरीच्या पाठातही अडखळत होती. पूर्वी अशा मुलांना आम्ही गाण्यातून मराठीत आणत असू. जे वाक्य बोलायला मूल लाजते ते गाण्यात सगळ्यांबरोबर बिनधास्त म्हणते. शब्द आधी कानात बसतो, मग जिभेवर, मग पाटीवर. हा रस्ताच मी बंद केला होता. सहावीतली एक मुलगी महिनाभर वर्गात कोणाशी बोलली नाही. पूर्वी ती पहिल्या रांगेत उभी राहून गात असे.

आपल्या मंडळीतल्या एक डॉक्टर भगिनी दर महिन्याला मुलांना तपासायला येतात. नोव्हेंबरात त्या आल्या तेव्हा मी त्यांना आमचा नियम अभिमानाने सांगितला. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही गाणे बंद केलेत, पण खिडक्या उघडल्यात का?" मी खोलीकडे पाहिले. थंडी पडायला लागली म्हणून त्या लावलेल्याच होत्या. आणि त्याच खोलीत चाळीस मुले दोन तास अभ्यासाला बसत होती.

पुढचे बरेचसे मी त्यांच्याकडून आणि त्यांनी दिलेल्या माहितीतून शिकलो.

आपण श्वास सोडतो, बोलतो, गातो तेव्हा घशातून आणि स्वरयंत्रातून ओलाव्याचे थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब हात-दोन हातांवर खाली पडतात. त्यांच्यासाठी अंतर उपयोगी, मास्क उपयोगी. पण त्याहून कितीतरी बारीक, डोळ्यांना न दिसणारे कणही बाहेर पडतात. ते खाली पडत नाहीत. चुलीच्या धुरासारखे हवेत तरंगत राहतात. वारा नसलेल्या खोलीत धूर जसा साचतो तसे तेही साचतात, आणि त्या खोलीत बसलेला प्रत्येक जण तीच हवा पुन्हा पुन्हा आत घेतो. कोपऱ्यात चुलीपासून दहा फूट लांब बसले तरी धुराने डोळे चुरचुरतातच. आमच्या चटयांमधल्या हातभर अंतराचे तसेच झाले. भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने 20 मे 2021 रोजी काढलेल्या सूचनेत हेच होते. मोठे थेंब दोन मीटरच्या आत पडतात, बारीक कण हवेबरोबर दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून घरातली हवा खेळती ठेवा. ती सूचना आमच्या चुकीनंतर आली हे खरे, पण आली तेव्हाही मी ती वाचली नव्हती.

गाण्याचा यात वेगळा भाग काय? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट व्हर्नन गावी 10 मार्च 2020 रोजी एका गायकसंघाची तालीम झाली. तालीम एका चर्चच्या सभागृहात होती, म्हणजे आपल्यासारखीच माणसे, आपल्यासारखीच जागा. 61 जण जमले होते. एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. त्यांनी हातांना सॅनिटायझर लावला होता, हस्तांदोलन टाळले होते. अडीच तास तालीम चालली. पुढच्या काही दिवसांत त्यांच्यापैकी 53 जण आजारी पडले. 33 जणांचा आजार तपासणीत निश्चित झाला, बाकीच्यांचा लक्षणांवरून. तिघांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि दोघे प्रभूकडे गेले. हे वाचताना मला माझी प्रार्थनेची खोली दिसत होती.

हे ज्ञान अगदी नवेही नाही. 1968 साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी क्षयरोगाच्या संदर्भात हीच गोष्ट तपासली होती. गाताना निघालेल्या थेंबांपैकी अर्ध्या तासानंतरही हवेत तरंगत राहणाऱ्यांचा वाटा साध्या बोलण्यापेक्षा खूप जास्त, जवळजवळ खोकल्याइतका होता. आदिवासी भागात काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे मनावर घ्यायला हवे. कोरोना कधीतरी ओसरेल, क्षय आमच्या पाड्यांवर आधीपासून आहे आणि त्याचाही प्रसार हवेतूनच होतो. आपल्या जुन्या मिशनऱ्यांना खेळत्या हवेचे मोल ठाऊक होते. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. क्षयावर औषध नसण्याच्या त्या काळात आरोग्यधामे मोकळ्या जागी, मोठ्या व्हरांड्यांची बांधत आणि रोग्यांच्या खाटा उघड्या हवेत ठेवत. आपण मात्र नंतर काचेच्या बंद खिडक्यांची सभागृहे बांधली आणि त्यांना आधुनिक म्हटले.

आता ज्या गोष्टीने माझे मत पालटले ती सांगतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये 25 व्यावसायिक गायकांना शस्त्रक्रियेच्या खोलीत नेले. तिथली हवा इतकी गाळलेली असते की दुसरे कण जवळजवळ नसतात, त्यामुळे तोंडातून निघालेले कण नेमके मोजता येतात. गायकांना तेच शब्द आधी बोलायला आणि मग गायला सांगितले, आधी हळू, मग मोठ्याने. आवाज सारखाच ठेवला तर बोलणे आणि गाणे यांत फरक थोडाच निघाला. पण अगदी हळू आवाजापासून अगदी मोठ्या आवाजापर्यंत गेले की कणांचे प्रमाण वीस ते तीस पटींनी वाढले. म्हणजे धोका सुरात नाही, ओरडण्यात आहे. वर्गात मुलांना एका सुरात पाढे ओरडायला लावणारा शिक्षक आणि बंद खोलीत दणक्यात गीत म्हणणारी मंडळी यांत रोगाला भेद कळत नाही. आमच्याकडे गाणे बंद होते, पण पाढे चालू होते, हे लिहिताना मला आजही ओशाळवाणे वाटते. बर्लिनमधल्या संशोधकांनी लहान मुलांचे गाणेही मोजले. मुलांच्या गाण्यातून मोठ्यांच्या गाण्यापेक्षा कमी कण निघतात, साधारण मोठ्या माणसाच्या बोलण्याइतके. हे ऐकून बरे वाटले, पण आमच्या खोलीत मोठी माणसेही गात होती हे विसरता येत नाही.

एवढे कळल्यावर पुढचे फारसे कठीण नव्हते. आम्ही गाणे खोलीतून काढून शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली नेले. उघड्यावर बारीक कण साचत नाहीत, वारा त्यांना पातळ करून घेऊन जातो. मुले पूर्वीसारखी गोल बसत नाहीत, सगळी एका दिशेला तोंड करून वाऱ्याला पाठ देऊन बसतात, म्हणजे एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर येत नाही. गुरुजी समोर, जरा लांब आणि बाजूला. मुलामुलांत दोन हातांचे अंतर. मोठ्यांना आणि वरच्या वर्गांना मास्क. सुती मास्क गाताना ओला होतो आणि मग श्वास ओढला की नाकाला चिकटतो, म्हणून प्रत्येकाला दोन दिले आहेत. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मास्क नको अशी सरकारचीच सूचना होती, त्यामुळे बालवाडीची मुले मास्कशिवाय असतात आणि त्यांना वेगळे बसवतो.

वेळ वीस मिनिटे. अमेरिकेतल्या शाळांच्या वाद्यवृंदांसाठी तिथल्या विद्यापीठांनी अर्ध्या तासाची मर्यादा सुचवली होती आणि त्यानंतर खोलीतली हवा बदलू द्यायची. आम्ही उघड्यावर असलो तरी वीस मिनिटांवर थांबतो. खरे सांगायचे तर वीस मिनिटांनंतर मुलांचे लक्षही उडते.

हळू गाण्याचे मात्र गुरुजींना पटायला वेळ लागला. ते जुन्या वळणाचे, आवाज पोटातून आला पाहिजे आणि पलीकडच्या पाड्यावर ऐकू गेला पाहिजे या मताचे. त्यांची मुख्य तक्रार अशी की हळू गायला लावले की मुले सूर सोडतात. यावर तोडगा त्यांनीच काढला. एक छोटा स्पीकर आणि माइक आमच्याकडे पडून होता. तो पेटीजवळ लावला, त्यामुळे पेटीचा सूर सगळ्यांना स्पष्ट ऐकू येतो आणि मुलांना त्यावर मात करायला ओरडावे लागत नाही. पेटीला भात्याची हवा लागते, तोंडाची नाही, हे तिचे आताच्या काळातले मोठेपण. शिवाय प्रत्येक गीत आधी तोंड मिटून, नुसते गुणगुणून घेतात. मग शब्द म्हणायचे, पण शेजारच्या मुलाचा आवाज ऐकू आला पाहिजे इतपतच. गंमत अशी की यामुळे गायन सुधारले. पूर्वी प्रत्येक जण स्वतःला ऐकवत असे, आता एकमेकांना ऐकतात.

पावसापाण्याच्या किंवा कडक थंडीच्या दिवशी व्हरांड्यात बसून नुसता ताल घेतात. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहा मात्रांचा. टाळी कुठे, खाली कुठे, हे गुडघ्यावर थापून शिकायला तोंड उघडावे लागत नाही. ढोलकी, खंजिरी, झांजा आळीपाळीने देतो आणि हात धुवायला लावतो. न बोलणारी मुलगी आता खंजिरीवर आहे. ती अजून गात नाही, पण ताल चुकला की चुकणाऱ्याकडे पाहून मान हलवते. पेटीवर मावशी बसतात. गाता येत नाही म्हणून त्या रडल्या होत्या. गुरुजींनी त्यांना पन्नाशीत पेटी शिकवली. एका हाताने साधा सूर धरतात, तेवढे मुलांना पुरते.

तारप्याबद्दल थोडे वेगळे लिहायला हवे, कारण त्यावरही फोन आले. तारपा म्हणजे वाळलेल्या दुधीभोपळ्याला बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा लावून केलेले वाद्य. वाजवणारा श्वास न तोडता गाल फुगवून वाजवत राहतो. आपल्या काही वडीलधाऱ्यांना तो उपासनेत नको असतो, तो वाद मी इथे काढत नाही. मुलांना तो शिकायचा असतो आणि तो त्यांच्या आजोबांचा आहे, एवढे मला पुरते. बासरी काय, तारपा काय, फुंकून वाजवायच्या वाद्याची एक अडचण असते. मास्क लावून ते वाजवता येत नाही, आणि आतून ओले होते. म्हणून एकाच्या तोंडचे वाद्य दुसऱ्याने तोंडाला लावायचे नाही, हा नियम आम्ही कडक ठेवला आहे. पाड्यावरचे एक आजोबा महिन्यातून दोनदा येतात, त्यांचा तारपा ते स्वतःच वाजवतात आणि मुले लांबून पाहतात. त्यांना मी हे सगळे नियम समजावत होतो, अंगण, वारा, अंतर, तेव्हा ते हसले. म्हणाले, "घरात तारपा कोण वाजवतो?" खरेच आहे. तारप्याचा नाच पूर्वीपासून अंगणात, शेताच्या खळ्यावर, आकाशाखाली होतो.

खोली आम्ही सोडलेली नाही, तिच्यात अभ्यास चालतो. डॉक्टर भगिनींनी एक सोपी परीक्षा शिकवली. डासांची कॉइल पेटवून खोलीच्या मध्यभागी ठेवायची आणि धूर कुठे जातो ते पाहायचे. आमच्या खोलीत तो सरळ वर जाऊन छताखाली ढगासारखा थांबला. एका बाजूच्या खिडक्या उघडल्या तरी फारसा हलला नाही. समोरासमोरच्या दोन्ही बाजू उघडल्या तेव्हा काही मिनिटांत खोली स्वच्छ झाली. हवेला आत यायला दार लागते तसे बाहेर जायलाही लागते. मोठ्या शाळांत यासाठी यंत्रे असतात, ती खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत चारशेच्या थोडा वर असतो. माणसांच्या श्वासाने तो खोलीत वाढतो, आणि हजाराच्या वर गेला की शिळी हवा साचली असे समजावे. आमचे काम कॉइलवर भागते.

खिडक्या मात्र नुसत्या उघडून चालत नव्हते. डास येतात, माकडे येतात, आणि रात्री मुलांना थंडी वाजते. म्हणून चार खिडक्यांना जाळ्या बसवल्या आणि वरच्या बाजूला, छताजवळ, कधीच बंद न होणारे झरोके पाडले. गावातल्याच गवंड्याने आणि सुताराने तीन दिवसांत काम केले. सामान व मजुरी मिळून 11,400 रुपये लागले. हा खर्च कशातून केला ते सांगणे माझे कर्तव्य आहे. एका मंडळीने प्रेमाने फवारणीचा पंप आणि जंतुनाशकाचे डबे घेण्यासाठी पैसे पाठवले होते. माणसांवर जंतुनाशक फवारू नये, त्याने डोळ्यांना आणि कातडीला अपाय होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. त्या मंडळीच्या पाळकसाहेबांना मी फोन करून विचारले, त्यांनी पंचांसमोर विषय ठेवला आणि रक्कम खिडक्यांकडे वळवायला संमती दिली. आमच्या कोठीत सॅनिटायझरचे डबे अजून दोन वर्षे पुरतील इतके आहेत. कृपा करून आणखी पाठवू नका.

विश्वासाच्या बाजूनेही मला प्रश्न विचारले गेले, ते टाळणे बरे नाही. पौल आणि सीला तुरुंगात मध्यरात्री गात होते, मग आपण घाबरायचे का, असे एका तरुणाने विचारले. ते गात होते हे खरे, पण त्यांच्या गाण्याने कैद्यांचा जीव धोक्यात आला नव्हता. उलट दारे उघडली तरी पौलाने आधी तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा जीव वाचवला. मला मत्तयाच्या चौथ्या अध्यायातला प्रसंग जास्त आठवतो, मंदिराच्या शिखरावरचा. देव सांभाळील म्हणून उडी टाकायला प्रभूने नकार दिला. आणि लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात अशुद्ध ठरलेल्या रोग्याने ओठ झाकावा, छावणीबाहेर राहावे, असे जे सांगितले आहे ते आम्ही धर्मशास्त्राच्या वर्गात शुद्धाशुद्धतेचा विषय म्हणून पाठ केले होते. त्यात शेजाऱ्याची काळजीही आहे, हे मावशींच्या खाटेशेजारी बसल्यावर माझ्या ध्यानात आले.

यंदाचा नाताळ आम्ही अंगणात केला. 24 डिसेंबरच्या दुपारी, कारण रात्री दव पडते. जवळच्या चार पाड्यांतले पालक आले. मुलांनी पाच गीते म्हटली, मध्ये दहा-दहा मिनिटे थांबून. शहरात ओमिक्रॉनच्या बातम्या सुरू झाल्या होत्या. टेम्पोत पंचवीस मुले कोंबून चार तासांचा प्रवास, मग अनोळखी गर्दीने भरलेले सभागृह, आणि परत येऊन तीच मुले पाड्यावर आजी-आजोबांच्या कुशीत. गाण्यापेक्षा मला त्या टेम्पोची भीती वाटली, म्हणून नाही म्हणालो. जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या, तेव्हा तो निर्णय बरोबर ठरला म्हणायचे की नाही ते आपण ठरवा. दान मात्र कमी झाले, हेही आपल्याला माहीत असावे. तांदूळ मार्चअखेरपर्यंत पुरेल.

फेब्रुवारीपासून शाळा परत भरली आहे. पंधरा वर्षांवरच्या आमच्या सात विद्यार्थ्यांना लशीचा पहिला डोस मिळाला, गुरुजी आणि मावशींचे दोन्ही झाले आहेत. मुलींच्या झोपायच्या खोलीला अजून झरोके नाहीत. तिथे सहा खिडक्या आहेत, त्यातल्या दोन मुळीच उघडत नाहीत. पावसाळ्याआधी ते काम झाले तर रात्रीचीही काळजी मिटेल.

झावळ्यांचा रविवार येत आहे. मुलांना आपल्याकडे आणता येत नाही, तर आपणच इकडे यावे अशी विनंती आहे. उपासना सकाळी साडेआठला, ऊन चढण्याआधी, मोहाच्या झाडाखाली होईल. एका मंडळीतून दहा-बारा जणच या, म्हणजे सगळ्यांना अंतरावर बसता येईल. घसा बसलेला असेल, अंगात कणकण असेल तर त्या दिवशी घरीच थांबा, मुले पुन्हा गाणार आहेत. खुर्च्या थोड्याच आहेत, म्हणून बसायला सतरंजी आणि प्यायला पाणी बरोबर आणा. मोबाइलवर चित्रीकरण करायला हरकत नाही. गिरणीचा आवाज त्यात येईल.